घरी शिकणारी मुले आणि बावन्न दरवाजांचे शहर

मुलाला शाळेत घालायचे नाही असे ठरवलेल्या आईबापांना नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, दहावीचे काय? दुसरा, मूल चार मुलांत मिसळणार कसे? पहिल्याला आज बरीच उत्तरे आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, आपल्याकडचा जुना सतरा नंबरचा फॉर्म आहे. महाराष्ट्राने स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केले असून तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या पातळीची परीक्षा देता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे तयार मिळत नाही. ते पालकांनी आपापल्या गावात स्वतः उभे करायचे असते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ते कसे उभे राहील, त्यासाठी हाताशी काय आहे आणि अडते कुठे, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी कायद्याची बाजू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे दहावे कलम मुलाला जवळच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा किंवा दंड सांगत नाही. गृहशिक्षणाचे नाव घेऊन या कायद्यात ना परवानगी आहे ना बंदी. केंद्र सरकारची भूमिका न्यायालयातही एकसारखी राहिली नाही. घरी शिकवणारी कुटुंबे त्यामुळे गेली कित्येक वर्षे एका धूसर जागेत राहतात. त्यांचे मूल कागदावर शाळाबाह्य ठरते, शाळेचे ओळखपत्र नसल्याने स्पर्धा आणि सवलती हुकतात. २०१२ च्या सुमारास देशभरातल्या अशा कुटुंबांनी ‘स्वशिक्षण’ ही संघटना उभी केली, त्यामागे ही अनिश्चितता मोठे कारण होती.

घरी शिकणे हे परदेशातून आलेले खूळ आहे असे मानणाऱ्यांनी दोन नावे आठवावीत. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, आणि तेही तीर्थक्षेत्रे फिरत असताना. महादेवभाई देसाईंचे चिरंजीव नारायण देसाई शाळा सोडून साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत शिकले आणि पुढे गांधींचे चरित्रकार झाले. दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मूल घरी शिकले, पण चार भिंतींत शिकले नाही. भोवती माणसांची सतत ये-जा होती, वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या कामांची. आजच्या फ्लॅटमधल्या तिघाचौघांच्या कुटुंबात नेमके तेवढेच नाही, आणि मेळावे भरवायची गरज तिथून येते.

पुण्या-मुंबईत असे गट बरेच दिवस आहेत. कुणी आठवड्यातून एकदा बागेत जमतात, कुणी महिन्याला एखाद्याच्या घरी, कुणी वर्षातून एकदा चार दिवसांच्या शिबिराला. या भेटींचे मोल कमी नाही. ‘आपण एकटेच नाही’ हा दिलासा आईबापांना आणि मुलांनाही लागतो. पण अशा नुसत्या भेटी बहुतेकदा एका ठराविक वळणाने विरतात. मोठी माणसे एका बाजूला बसून परीक्षा, मोबाईल आणि सासरच्यांची नाराजी यांवर बोलतात, मुले दुसऱ्या बाजूला खेळतात. मुलांची वये पाच ते पंधरा. पाच वर्षांच्याला पंधरा वर्षांचा कंटाळतो, पंधरा वर्षांच्याला आपल्या वयाचे कुणीच नसते. दोनचार भेटींनंतर मोठी मुले यायची थांबतात, मग त्यांचे आईबाप थांबतात. भेटायला कारण हवे, आणि ते कारण म्हणजे सगळ्यांनी मिळून पुरे करायचे एखादे काम. माझ्या मते स्थानिक इतिहासाइतके योग्य काम दुसरे नाही. लहानमोठ्या सगळ्यांना त्यात वाटा मिळतो, खर्च फार नाही, आणि संभाजीनगरात तर ते दाराबाहेर पडल्यावर सुरू होते.

अमेरिकेत हे फार आधी ओळखले गेले. तिथे १९७४ साली क्लीव्हलँड शहरात ‘नॅशनल हिस्टरी डे’ नावाची विद्यार्थ्यांची इतिहास-स्पर्धा सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. मूल एक विषय निवडते, मूळ कागदपत्रे धुंडाळते आणि निबंध, प्रदर्शन, नाट्यप्रयोग किंवा माहितीपट यांपैकी एका रूपात मांडते. शाळेतल्या मुलांबरोबर घरी शिकणारी मुलेही तिच्यात उतरतात, आणि दोन्ही जगांतली मुले एका टेबलावर येतात ती अशा कामामुळे.

आपल्याकडे पाया नाही असे मुळीच नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे मराठी मूल इतिहासाचा भूगोल हातांनी शिकत असते. बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे निघते. आपल्या जिल्ह्याच्या नद्या, पिके, गावे, वास्तू त्यात असतात. घरी शिकवणाऱ्या पालकांनी हे पुस्तक सरकारी म्हणून बाजूला ठेवू नये, सुरुवातीला त्याच्याइतके स्वस्त आणि नेमके साधन मिळणार नाही. दहावीच्या इतिहासात आता उपयोजित इतिहास आहे, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर धडे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. महाराष्ट्रात ‘आनंददायी शनिवार’ आला. म्हणजे शाळाही मुलांना बाहेर काढायला निमित्त शोधत आहेत. अशा वेळी घरी शिकणाऱ्यांनी आपला वेगळा कोपरा धरून बसणे हे दोघांचेही नुकसान आहे.

आता शहर. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, पुढे ती फत्तेहनगर झाली, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. बीबी का मकबरा, वेरूळ, अजिंठा, देवगिरी ही नावे जगाला ठाऊक आहेत, म्हणूनच मुलांच्या कामाला ती सुरुवातीची नकोत. वेरूळची ३४ लेणी एका दिवसात पाहून आलेल्या मुलाला पायांचे दुखणे आणि कैलासाचा आकार एवढेच आठवते. तिथे जरूर जावे, पण वर्षभराच्या शेवटी, काही प्रश्न हातात घेऊन. सहल म्हणजे इतिहास नव्हे. मुलाने स्वतः पाहिलेले, मोजलेले, विचारलेले आणि लिहून ठेवलेले काही उरले तरच तो इतिहास.

शहर पाहायची सुरुवात पाण्यापासून करावी. या शहराच्या इतिहासात याहून सोपा आणि याहून खोल विषय मला सापडलेला नाही. मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या, त्यातल्या एकीवर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की चालत असे. खापराच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीत चढवले जाई, वरून हौदात कोसळे, आणि त्या जोरावर दगडी जाते फिरे. मुलांना घेऊन तिथे जावे आणि काहीही न सांगता एकच प्रश्न विचारावा, पाणी वर चढले कसे? पंप नव्हता, वीज नव्हती. घरी येऊन दोन बादल्या आणि एक पारदर्शक नळी घ्यावी. नळी पाण्याने भरून तिचे एक टोक उंचावर भरलेल्या बादलीत ठेवले की दुसऱ्या टोकाचे पाणी त्याच उंचीपर्यंत चढते, हे मूल डोळ्यांनी पाहील. मग नकाशा. डोंगर कुठे, हर्सूल कुठे, खाम नदी कुठून वाहते, जुने शहर किती उतारावर आहे.

यातून दुसरा प्रश्न आपोआप निघतो. आपल्या घरी पाणी कुठून येते? ते येते दक्षिणेकडून, पैठणच्या जायकवाडी धरणातून, आणि पंपांनी चढवून. म्हणजे जे शहर कधी काळी उत्तरेच्या उतारावरून आपोआप पाणी घेत होते, ते आज पन्नासेक किलोमीटरवरून वीज जाळून पाणी वर ओढते, आणि तरीही नळाला ते काही दिवसांआडच येते. घराघरातल्या टाक्या, टँकरच्या फेऱ्या, पाण्याच्या दिवशी घरात उडणारी धांदल, या सगळ्यांची नोंद दहा वर्षांचे मूल उत्तम करू शकते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. धरणाच्या नाथसागर जलाशयाखाली गावे गेली. त्या गावांतून उठून नव्या जागी वसलेली माणसे आजही भेटतात. आपले घर, गावातले देऊळ, आमराई कुठे होती ते सांगतात. पैठणला जाऊन एक दिवस त्यांच्यापाशी बसावे. सहा वर्षांचे मूल चित्र काढील, दहा वर्षांचे अंतरे आणि उंची मोजील, चौदा वर्षांचे मुलाखत लिहून काढील. मेळाव्यातला वयांचा जो तिढा वर सांगितला, तो अशा कामात सुटतो. कुणालाही कुणासाठी थांबावे लागत नाही.

पाण्यानंतर वस्त्या. जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा. दखनेत आलेल्या मोगल फौजांतले राजपूत सरदार इथे राहिले, त्यांच्या छावण्यांचे हे पुरे झाले. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, आणि आज तिथे नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते. यात्रेला दरवर्षी जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते. शहराचा मोठा कागदी नकाशा जमिनीवर पसरून हे पुरे, उभे असलेले दरवाजे, नद्या-नाले आणि आपापली घरे त्यावर खुणावणे हे एका मेळाव्याचे पुरेसे काम आहे. शहराला बावन्न दरवाजांचे म्हणतात. त्यातले मोजकेच उरले. दिल्ली, पैठण, मकाई, रोशन, रंगीन, बारापुल्ला अशी नावे मुलांना पाठ करायला न लावता, कोणत्या दरवाज्यातून आज रहदारी जाते आणि कोणता नुसताच उभा आहे ते पाहायला सांगावे. भडकल दरवाजापाशी जरा जास्त थांबावे. मलिक अंबरने १६१२ साली मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो उभारला. आज त्याच परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे जनसागर लोटतो. इथिओपियातून गुलाम म्हणून आणला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला माणूस, आणि याच शहरात नागसेनवनात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करणारे बाबासाहेब, हे दोघे एका चौकात भेटतात. तिथून विद्यापीठ, १९५८ ची त्याची स्थापना, नामांतराची लढाई आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार इथवर मोठ्या मुलांना नेता येते.

मात्र दगडांपेक्षा तातडी माणसांची आहे. दगड अजून काही वर्षे थांबतील.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तो दिवस जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी उर्दूतून शिक्षण घेतले, रझाकारांच्या भीतीने गाव सोडले, सरस्वती भुवनसारख्या १९१५ पासूनच्या शाळेत मराठी टिकवून धरली. १९७२ च्या दुष्काळात राबलेली माणसे सत्तरी ओलांडून गेली. त्यांना ‘दुष्काळ कसा होता’ असे विचारले तर ‘लई वाईट’ एवढेच उत्तर येते. मुलांना नेमके प्रश्न द्यावेत. सकाळी किती वाजता कामावर निघत होतात? खडी किती फोडावी लागे? मजुरी रोख मिळे की धान्यात? सुकडी कोण वाटायचे, चव कशी असे? अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकर घरात कुणी खाल्ली नाही? अशा प्रश्नांवर आजी खुलून बोलते, आणि कुठल्याच पुस्तकात नसलेला तपशील मुलाच्या वहीत येतो. नव्या वसाहतींत राहणाऱ्यांकडे सांगण्यासारखा इतिहास नाही असेही समजू नये. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शहराचे रूप पालटले. बीड, जालना, परभणीकडून आलेला बाप पहिल्यांदा कुठे उतरला, खोलीचे भाडे किती होते, गावी पैसे कसे पाठवायचा, हाही शहराचा इतिहास आहे, आणि तो विचारणारे मूल बापाला नव्याने ओळखते.

मुलाखतीची वही कशी ठेवायची हे आधी शिकवावे. वर तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय आणि गाव. त्यांची परवानगी आधी घ्यायची. नाव छापू नका म्हणाले तर छापायचे नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे, आपले मत निराळ्या शाईने. हे कंटाळवाणे वाटले तरी पुढे तेच कामाला येते. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे किती कमी उरली आहेत हे गावोगाव दिसले. जुनी कागदपत्रे होती, वाचणारा नव्हता. शहरात राज्य पुराभिलेख विभागाचे कार्यालय आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी हिवाळाभर मोडीची बाराखडी गिरवली तर घरातले जुने खत किंवा वहीचे पान ती वाचू लागतील. उर्दू शिकवायला तर या शहरात शेजारचे आजोबाही पुरतील. शाळेच्या वेळापत्रकात हे बसत नाही, घरी शिकणाऱ्यांच्या वेळापत्रकात सहज बसते. त्यांच्या स्वातंत्र्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

इथे एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. या शहरात इतिहास बोलायचा म्हणजे संभाजी महाराज आणि औरंगजेब यांच्याबद्दल बोलावे लागते, आणि पालक बिचकतात. दोन्ही बाजूंचे पालक. मला वाटते, मुलांपासून काही लपवू नये आणि काही फुगवूही नये. १६८९ साली औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल करून ठार मारले, हे सांगावे. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खन जिंकण्यात घालवून तो १७०७ साली अहमदनगरला मरण पावला आणि खुलताबादेत साध्या, उघड्या कबरीत पुरला गेला, हेही सांगावे. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे आणि हजारो भाविक चालत जातात तो भद्रा मारुतीही. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एकीकडे साधन काय सांगते, दुसरीकडे मला काय वाटते. दोन्ही लिहायचे, दोन्हींची सरमिसळ करायची नाही. आणि गटात गुलमंडीची, रोशन गेटची, सिडकोची, नागसेनवनाची मुले एकत्र असतील तर ही शिस्त आपोआप पाळली जाते, कारण समोर बसलेल्या मित्राच्या तोंडावर खोटे लिहिणे मुलांना जड जाते. एकाच जातीच्या, एकाच धर्माच्या, एकाच उत्पन्नाच्या कुटुंबांचा इतिहास-गट मला धोक्याचा वाटतो.

उत्पन्नाचा मुद्दा घरी शिकवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवा. मराठवाड्यात शाळाबाह्य मूल म्हटले की आठवते ते ऊसतोड कामगारांचे मूल. दिवाळीनंतर कोयत्याबरोबर ते कारखान्याच्या तळावर जाते आणि निम्मे वर्ष शाळेबाहेर राहते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे त्याच्यासाठीच काढावी लागली. एका मुलाने शाळा सोडली ती आईबापांनी विचार करून तसे ठरवले म्हणून, दुसऱ्याची सुटली ती पोटासाठी. दोन्ही मुले कागदावर एकाच रकान्यात मोजली जातात, पण दोघांची गाठ कधी पडत नाही. महिन्यातून एकदा भरणाऱ्या मेळाव्यात चार जागा मनपा शाळेतल्या, वस्तीतल्या मुलांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. त्या मुलांकडे डोंगर, विहिरी, देवस्थाने आणि पायवाटांची जी माहिती असते, ती फ्लॅटमधल्या मुलाकडे नसते.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश शुल्क नाही. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे, पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय. औरंगाबाद लेणी शहराला लागूनच आहेत, गर्दी कमी असते, लहानांसाठी वेरूळपेक्षा ती बरी. एसटीची निम्म्या भाड्याची सवलत शालेय सहलींना असते, शाळेचे पत्र नसलेल्या गटाने ती धरू नये. एखादी शेजारची शाळा जोडीला घेतली तर तोही प्रश्न सुटतो. भटकंती ऑक्टोबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात घरातल्या मुलाखती. पैठणच्या पांढरीत किंवा देवगिरीच्या पायथ्याशी खापराचे तुकडे दिसले तर उचलू नयेत, जागचा फोटो काढावा. पुरावस्तूंसाठी कायदा आहे, आणि जागेवरून हललेल्या तुकड्याचे अर्धे मोल तसेही जाते. गट दहाबारा मुलांचा असावा, मोठी माणसे तीन. त्यांतल्या एकाने बोलू नये, फक्त मुले काय पाहतात ते पाहावे.

ज्या कुटुंबांनी मुले घरी शिकवायचे ठरवले आहे, आणि जे शिक्षक शनिवारी मुलांना घेऊन काय करावे या विचारात आहेत, त्या दोघांनाही एक विनंती. येत्या सुट्टीत एकत्र येऊन पहिले काम मुक्तिसंग्राम पाहिलेल्या आणि १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या माणसांच्या मुलाखतींचे घ्या. प्रत्येक मुलाने एकच माणूस निवडावा, शक्यतो आपल्या घरातला किंवा गल्लीतला. लिहिलेल्या वह्यांच्या तीन प्रती काढा. एक सांगणाऱ्याच्या घरी द्या, एक मुलाकडे राहू द्या, एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नोंद करून ठेवा. पाणचक्की, पुरे आणि दरवाजे त्यानंतर घेता येतील.